भूक कोठे असते? उंदराच्या मेंदूतील रसायने आणि अन्नाची ओढ

जेवणाची वेळ टळली की पोटात कावळे ओरडू लागतात, असे आपण म्हणतो. पोटात आग पडली, पोटात खड्डा पडला, हे शब्दप्रयोगही नित्याचेच आहेत. भाषेने भुकेचे घर पोटात ठरवून टाकले आहे आणि शास्त्रज्ञांनीही पुष्कळ काळ तेच मानले होते. १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन व त्यांचे सहकारी वॉशबर्न यांनी याचा पुरावा मिळविण्याचा प्रयत्न केला. वॉशबर्न यांनी नळी जोडलेला एक रबरी फुगा गिळला. तो जठरात फुगविल्यावर जठराच्या प्रत्येक आकुंचनाची नोंद बाहेर फिरत्या कागदावर होऊ लागली. भुकेची कळ आणि जठराचे आकुंचन यांची वेळ जुळत असल्याचे त्यांना आढळले. त्यावरून रिकाम्या जठराची हालचाल हीच भूक, असा निष्कर्ष काढण्यात आला.

हा निष्कर्ष फार काळ टिकला नाही. आजारामुळे ज्यांचे जठर शस्त्रक्रियेने काढून टाकावे लागले, अशा रोग्यांनाही भूक लागते. जठर काढून टाकलेले उंदीरदेखील अन्नाच्या शोधात पूर्वीप्रमाणेच धडपडतात, असे १९३० नंतरच्या दशकात दिसून आले. मग भूक कोठे असते? या प्रश्नाच्या शोधात अनेक देशांतील शास्त्रज्ञांची आयुष्ये खर्ची पडली. त्या शोधाचा एक महत्त्वाचा टप्पा एका भारतीय शास्त्रज्ञाच्या हातून पार पडला. आणि या सर्व शोधाचा मूक साक्षीदार आहे प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर.

उंदीरच का?

प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर हा तपकिरी उंदराचाच माणसाळलेला वंशज होय. पूर्ण वाढ झाल्यावर त्याचे वजन साधारणपणे पाव ते अर्धा किलोग्रॅम भरते. त्याचा मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा असतो. तथापि सस्तन प्राण्यांच्या मेंदूची जी मूळ मांडणी आहे, तीच या इवल्याशा मेंदूतही असते. माणसाप्रमाणेच तो धान्यापासून मांसापर्यंत सर्व काही खातो. तो लवकर वाढतो, थोड्या जागेत राहतो, आणि त्याने किती खाल्ले व त्याचे वजन किती झाले, हे रोज तराजूवर अचूक पाहता येते.

या तराजूने पहिलीच नवलाची गोष्ट दाखविली. उंदराच्या अन्नात पचन न होणारा निःसत्त्व पदार्थ मिसळला, तर काही दिवसांत तो अधिक अन्न खाऊ लागतो. पोषणाची एकूण बेरीज तो जवळजवळ पूर्वीइतकीच राखतो. उलट अन्न अधिक सकस केले, तर तो कमी खातो. उंदराला अंकगणित येत नाही, हे उघड आहे. तरीही त्याच्या शरीरात कोठेतरी जमाखर्चाची वही ठेवली जाते आणि तिच्या आधारे खाणे सुरू करण्याचा व थांबविण्याचा हुकूम सुटतो, असे मानणे भाग पडते. ही वही कोण लिहितो आणि हुकूम कोण सोडतो, हाच मुख्य प्रश्न होता.

मेंदूच्या तळाशी

विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०१ साली, व्हिएन्ना येथील आल्फ्रेड फ्रोलिख यांनी अतिशय स्थूल झालेल्या एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीजवळ गाठ झाली होती. गाठीमुळे स्थूलता आली, यावर बहुतेकांचे एकमत होते. परंतु दोष पोष ग्रंथीचा की तिच्या लगत वर असलेल्या मेंदूच्या भागाचा, यावर कित्येक वर्षे वाद चालला. मेंदूच्या या भागाला हायपोथॅलॅमस म्हणतात. शरीराचे तापमान, तहान, झोप, अंतःस्रावी ग्रंथींचे कार्य अशा अनेक गोष्टींचे नियमन तेथून होते. उंदरामध्ये हा भाग अवघ्या काही मिलिमीटरांचा असतो आणि तो मेंदूच्या अगदी तळाशी दडलेला असतो. आजूबाजूच्या भागांना धक्का न लावता तेथे पोहोचणार कसे?

हे काम एका उपकरणाने सुकर केले. लंडन येथील व्हिक्टर हॉर्स्ली व रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ साली माकडांच्या मेंदूच्या अभ्यासासाठी एक चौकट तयार केली होती. भूल दिलेल्या प्राण्याचे डोके तीत घट्ट बसविले जाते. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तीन दिशांची मापे लावली की बारीक सुई मेंदूतील नेमक्या ठिकाणी नेता येते. नकाशावर अक्षांश-रेखांशांनी गाव शोधावे, तसाच हा प्रकार आहे. शिकागो येथे रॅन्सन यांच्या प्रयोगशाळेत हे उपकरण उंदरासाठी वापरण्यात आले. १९४० साली हेदरिंग्टन व रॅन्सन यांनी दाखवून दिले की, पोष ग्रंथीला मुळीच हात न लावता हायपोथॅलॅमसच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना लहानशी इजा केली, तर उंदीर विलक्षण लठ्ठ होतात. चाळीस वर्षांच्या वादाचा निकाल लागला.

यानंतर तीनच वर्षांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या लठ्ठपणाचे एक मुख्य कारण दाखविले. इजा झालेला उंदीर भुलीतून जागा होताच अन्नावर तुटून पडतो आणि नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न खाऊ लागतो. काही आठवड्यांनी वजन पुष्कळ वाढल्यावर खाणे कमी होते आणि मग ते वाढलेले वजन तो कायम राखतो. जणू पुरे म्हणणारा कोणीतरी त्याच्या मेंदूतून नाहीसा झालेला असतो.

डॉ. आनंद यांचा शोध

मेंदूत पुरे म्हणणारे स्थान असेल, तर आणा म्हणणारे स्थानही असावयास हवे. ते शोधण्याचा मान डॉ. बाळकृष्ण आनंद यांच्याकडे जातो. १९१७ साली लाहोर येथे जन्मलेले डॉ. आनंद रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्तीवर येल विद्यापीठात गेले आणि ब्रोबेक यांच्यासमवेत काम करू लागले. हायपोथॅलॅमसच्या निरनिराळ्या बिंदूंवर अगदी सूक्ष्म इजा करून प्रत्येक उंदराच्या खाण्याची नोंद त्यांनी ठेवली. मध्यभागापासून थोडे बाहेरच्या अंगास असलेल्या एका लहानशा पट्ट्यात दोन्ही बाजूंना इजा केली, तर उंदीर खाणे पूर्णपणे थांबवितो, असे त्यांना आढळले. अन्नाने भरलेले भांडे समोर असतानाही तो उपाशी मरतो. इजा एकाच बाजूला केली, तर मात्र खाणे चालू राहते. आधी मध्यभागी इजा करून खादाड बनविलेल्या उंदरांतही बाहेरील पट्टा नष्ट केल्यावर खाणे बंद पडते.

हा शोध १९५१ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून एक सुटसुटीत चित्र उभे राहिले. बाहेरील पट्ट्यात भुकेचे केंद्र, आतील भागात तृप्तीचे केंद्र. आणि तृप्तीचे केंद्र भुकेच्या केंद्राला लगाम घालते. १९५४ साली एलियट स्टेलर यांनी या कल्पनेला व्यापक सिद्धांताचे रूप दिले. डॉ. आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाविज्ञान विभागाचे पहिले प्रमुख झाले. तेथे छिना व बलदेव सिंग या सहकाऱ्यांसह त्यांनी प्राण्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये अतिसूक्ष्म विद्युत् अग्रे बसवून पेशींचे विद्युत् स्पंद मोजले. रक्तातील शर्करा वाढली की तृप्तीच्या केंद्रातील पेशींची हालचाल वाढते आणि भुकेच्या केंद्रातील पेशींची मंदावते, असे त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. जमाखर्चाच्या वहीतील निदान एक नोंद रक्तशर्करेची असते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

चित्राला तडे

सुटसुटीत सिद्धांत आकर्षक असतो. पण निसर्ग तसा असतोच असे नाही. या चित्राला तडे पाडणारी काही निरीक्षणे त्याच काळात पुढे येत होती.

पहिले निरीक्षण खादाड उंदरांचे. १९५० साली येल येथील नील मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यभागी इजा झालेल्या उंदरांना अन्नासाठी कष्ट करावयास लावले. कळ दाबली तर अन्न, वजनदार झाकण उचलले तर अन्न, अशी योजना होती. अन्न आयते मिळाले की भरमसाट खाणारे हे उंदीर कष्टाची वेळ येताच साध्या भुकेल्या उंदरांपेक्षाही मागे पडले. अन्नात थोडे कडू कोयनेल मिसळले, तर ते नाक मुरडत. ज्याला खरोखर भूक अनावर झाली आहे, तो असा वागेल काय?

दुसरे निरीक्षण उपाशी उंदरांचे. टाइटेलबाउम व स्टेलर यांनी बाहेरील पट्टा नष्ट झालेल्या उंदरांना मरू न देता नळीने अन्न पोटात घालून जगविले. काही आठवड्यांनी या उंदरांनी प्रथम दुधासारखे ओले व चविष्ट पदार्थ स्वीकारले आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्यांतील अनेक उंदीर कोरडे अन्नही खाऊ लागले. भुकेचे एकमेव केंद्र नष्ट झाले असेल, तर भूक परत आली कोठून? शिवाय हे उंदीर नुसतेच खात नव्हते असे नाही. ते निश्चल बसून राहत. अंगाला स्पर्श केला किंवा नाकाजवळ वास नेला, तरी तिकडे वळून पाहत नसत. त्यांचे दुखणे केवळ भुकेचे नव्हते.

रसायनांची भाषा

हे कोडे सोडविण्यासाठी जागेबरोबर रसायनांचाही विचार करणे आवश्यक होते. मेंदूतील एक मज्जापेशी दुसरीला प्रत्यक्ष चिकटलेली नसते. दोहोंमध्ये अतिसूक्ष्म फट असते. पहिल्या पेशीतून विद्युत् स्पंद टोकापर्यंत आला की तेथून एका रसायनाचे कण त्या फटीत सुटतात आणि पलीकडच्या पेशीवरील ठरावीक ग्राहकांना जाऊन चिकटतात. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी, तसे हे असते. या रसायनांना संदेशवाहक द्रव्ये म्हणता येईल. ॲसिटिलकोलीन, नॉरॲड्रेनलीन, डोपामीन, सेरोटोनीन ही त्यांतील काही प्रमुख नावे होत. मेंदूवर परिणाम करणारी बहुतेक औषधे याच व्यवहारात हात घालतात. कोणी द्रव्याचा साठा संपविते, कोणी ते अधिक सोडावयास लावते, तर कोणी खोट्या किल्लीसारखे कुलपात अडकून खऱ्या किल्लीची वाट अडविते.

१९६० साली सेबॅस्टियन ग्रॉसमन यांनी एक लक्षणीय प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये बारीक नळी कायमची बसविली. उंदीर शस्त्रक्रियेतून बरे होऊन नेहमीसारखे वावरू लागल्यावर, त्या नळीतून रसायनाचा अगदी लहानसा कण आत ठेवला. पोटभर जेवलेल्या उंदराला नॉरॲड्रेनलीन दिले, तेव्हा थोड्याच मिनिटांत तो पुन्हा खाऊ लागला. त्याच नळीतून ॲसिटिलकोलीनसारखे कार्य करणारे द्रव्य दिले, तेव्हा तो अन्नाकडे न जाता पाणी पिऊ लागला. स्थान तेच, उंदीर तोच; रसायन बदलताच इच्छा बदलली. मेंदूच्या एकाच गल्लीत निरनिराळ्या भाषा बोलणारे शेजारी राहतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

सर्पगंधेचा मार्ग

या कथेचा पुढचा धागा भारतातील एका वनस्पतीपासून सुरू होतो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे मानसिक विकारांवर व निद्रानाशावर पूर्वापार वापरली जात असे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवरील तिच्या गुणांविषयी लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपले अनुभव ब्रिटनमधील नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रेसर्पीनमुळे मेंदूतील नॉरॲड्रेनलीन, सेरोटोनीन व डोपामीन यांचे साठे रिकामे होतात, हे लवकरच उघडकीस आले.

स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पीन देऊन निश्चल झालेल्या सशांना डोपामीनचे पूर्वद्रव्य असलेले एल-डोपा टोचले, तेव्हा ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. हा प्रयोग १९५७ सालचा. डोपामीन हे स्वतःच एक महत्त्वाचे संदेशवाहक द्रव्य आहे, या त्यांच्या शोधाला २००० साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. स्वीडनमध्येच या रसायनांना विशिष्ट प्रकाशात चमकविणारी पद्धत निघाली आणि कोणत्या द्रव्याचे मज्जातंतू मेंदूत कोठून कोठे जातात, याचे नकाशे १९६० नंतर तयार होऊ लागले.

या नकाशांनी भुकेच्या केंद्राचे कोडे अनपेक्षित रीतीने उलगडले. डोपामीन वाहून नेणाऱ्या तंतूंची एक मोठी जुडी डॉ. आनंद यांनी शोधलेल्या पट्ट्यामधून जाते. स्टॉकहोम येथील उर्बान उंगरस्टेट यांनी डोपामीनसारखे दिसणारे एक विषारी द्रव्य वापरले. डोपामीनच्या पेशी त्याला आपलेच समजून आत घेतात आणि नष्ट होतात. इतर पेशींना त्याची फारशी झळ पोहोचत नाही. १९७१ साली त्यांनी दाखविले की, हायपोथॅलॅमसला स्पर्श न करता केवळ ही जुडी तोडली, तरी उंदीर खाणे-पिणे सोडतो आणि निश्चल बसतो. म्हणजे इजा केंद्राला झाली असे ज्याला म्हटले जात होते, त्यात पुष्कळ अंशी तेथून जाणारा रस्ता तुटत होता. गावातील दूरध्वनी बंद पडला म्हणून गावातील माणसे नाहीशी झाली, असे समजण्यासारखेच ते झाले असते.

तरीही जुना शोध वाया गेला नाही. १९८० नंतर तंतूंना धक्का न लावता केवळ पेशी नष्ट करणारी द्रव्ये हाती आली. त्यांच्या साहाय्याने पाहिले असता बाहेरील पट्ट्यातील पेशींचाही खाण्यात वाटा असल्याचे दिसून आले. दोन्ही मतांत तथ्य होते. शास्त्राची प्रगती अनेकदा अशीच होते. जुने विधान पुसले जात नाही, त्याच्या सीमा नव्याने आखल्या जातात.

गोडी आणि ओढ

डोपामीन नसलेला उंदीर अन्न का खात नाही? त्याला अन्नाची गोडी वाटेनाशी होते, असे उत्तर पुष्कळांना पटले होते. १९५४ साली कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स व पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूतील काही ठिकाणी विद्युत् अग्रे बसविली होती. कळ दाबताच तेथे सौम्य विद्युत् प्रवाह जाई. काही उंदरांनी ती कळ तासाला शेकडो, पुढे तर हजारो वेळा दाबली. त्यामुळे मेंदूत सुखाचे स्थान सापडले, असा बोलबाला झाला. पुढे त्या वागणुकीत डोपामीनचा हात दिसल्यावर डोपामीन म्हणजे सुखाचे रसायन, अशी समजूत रूढ झाली.

मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज व टेरी रॉबिन्सन यांनी १९८९ च्या सुमारास ही समजूत कसोटीला लावली. उंदराच्या जिभेवर गोड पाणी सोडले तर तो ओठ चाटतो; कडू पाणी सोडले तर तो तोंड वासून मान झटकतो. तान्ह्या मुलाच्या चेहऱ्यावरही असेच भाव उमटतात. डोपामीन जवळजवळ पूर्णपणे नाहीसे केलेले, स्वतःहून एक घासही न घेणारे उंदीर त्यांनी निवडले आणि त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले. त्या उंदरांनी नेहमीसारखेच ओठ चाटले! गोडी शिल्लक होती. ओढ नाहीशी झाली होती. आवडणे आणि हवेसे वाटणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो. मेंदूत मात्र त्यांची यंत्रणा बऱ्याच अंशी वेगळी आहे. व्यसनी माणसाला ज्या पदार्थात आता फारशी गोडी उरलेली नसते, त्याचीच अनावर ओढ का लागते, हे समजण्यास या भेदाचा मोठा उपयोग झाला आहे.

रक्तातून येणारे निरोप

मेंदू हुकूम सोडतो हे खरे. परंतु कोठारात किती साठा आहे, हे त्याला कळते कसे? केंब्रिज येथील हर्वे यांनी १९५९ साली दोन-दोन उंदरांची शरीरे शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडली. त्यामुळे त्यांच्यात थोडा रक्तविनिमय होऊ लागला. मग जोडीतील एका उंदराच्या हायपोथॅलॅमसच्या मध्यभागी इजा केली. तो अपेक्षेप्रमाणे लठ्ठ झाला. त्याचा जोडीदार मात्र खाणे सोडून रोड होत गेला. लठ्ठ उंदराच्या रक्तात पुरे असे सांगणारे काहीतरी वाढले होते. ज्याचा मेंदू धड होता त्याने तो निरोप ऐकला. ज्याच्या मेंदूला इजा झाली होती त्याला तो ऐकू येत नव्हता.

तो निरोप्या ओळखण्यास पस्तीस वर्षे लागली. १९९४ साली न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील लहान जातीच्या लठ्ठ उंदरांचा अभ्यास करून एक जनुक शोधून काढले. त्याच्या आधारे शरीरातील मेदपेशी एक हॉर्मोन तयार करतात. कृश या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लेप्टिन असे नाव देण्यात आले. चरबी जितकी अधिक, तितके लेप्टिन अधिक. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेत जोपासलेल्या उंदरांच्या कळपातही अतिशय लठ्ठ होणारा एक वाण आढळला. १९९६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. या उंदरांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते. परंतु त्याची हाक मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. बहुतेक स्थूल माणसांतही असेच घडते. त्यामुळे लेप्टिन टोचून स्थूलता हटविण्याची आशा फारशी फळली नाही. ज्यांच्या शरीरात जन्मतः लेप्टिन तयारच होत नाही, अशा अगदी थोड्या रोग्यांना मात्र त्याने नवे जीवन मिळाले.

पुरे म्हणणाऱ्या निरोपांबरोबर आणा म्हणणारे निरोपही सापडले. न्यूरोपेप्टाइड-वाय हे द्रव्य उंदराच्या मेंदूत सोडले असता तो अधाशासारखा खातो, हे १९८४ साली फ्लॉरिडा विद्यापीठातील सत्य कालरा, पुष्पा कालरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. १९९९ साली जपानच्या कोजिमा व कांगावा यांनी उंदराच्या जठरातून घ्रेलिन नावाचे हॉर्मोन वेगळे केले. जठर रिकामे असताना ते रक्तात वाढते आणि मेंदूला अन्नाची आठवण करून देते. पोटात ओरडणारे कावळे अगदीच खोटे नव्हते. त्यांचा आवाज मेंदूत ऐकला जातो, एवढेच.

औषधे आणि त्यांचे मोल

हे ज्ञान वाढत असताना भूक कमी करणारी औषधेही बाजारात येत राहिली. त्यांचा इतिहास सावध करणारा आहे. ॲम्फेटामीन हे द्रव्य मेंदूत डोपामीन व नॉरॲड्रेनलीन अधिक प्रमाणात सोडावयास लावते. ते दिलेला उंदीर कमी खातो. पण त्याबरोबर तो अस्वस्थपणे धावत राहतो आणि मात्रा वाढविली तर एकच हालचाल तासन्‌तास करीत बसतो. माणसांतही त्याने झोप उडते आणि व्यसन जडते. सेरोटोनीन वाढविणारे फेनफ्लुरामीन उंदरांना लवकर तृप्त करते. स्थूलतेवरील औषध म्हणून त्याला अमेरिकेत १९७३ साली मान्यता मिळाली. परंतु त्याने हृदयाच्या झडपांना अपाय होतो, असे दिसून आल्यावर १९९७ साली ते मागे घ्यावे लागले.

भांग घेतल्यावर भूक खवळते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. भांगेतील मुख्य द्रव्य मेंदूतील ज्या ग्राहकांवर कार्य करते, त्यांना अडविणारे रिमोनाबँट हे औषध उंदरांचे खाणे कमी करीत असे. युरोपात २००६ साली त्याचा वापर सुरू झाला. मात्र ते घेणाऱ्या काहींना खोल खिन्नतेने घेरले आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ साली युरोपातील त्याची विक्री थांबविण्यात आली. यात नवल वाटण्याचे कारण नाही. मेंदूने भुकेसाठी वेगळी आणि आनंदासाठी वेगळी अशी रसायने राखून ठेवलेली नाहीत. तीच द्रव्ये अनेक कामे करतात. भुकेची खुंटी पिळावी, तर शेजारच्या तारांतूनही सूर उमटतो.

अलीकडची औषधे आतड्यातून येणाऱ्या निरोपाची नक्कल करतात. जेवणानंतर आतड्यातून सुटणारे जीएलपी-१ हे हॉर्मोन उंदराच्या मेंदूत दिल्यास त्याचे खाणे पुष्कळ कमी होते, असे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील शास्त्रज्ञांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. त्याच्याशी साम्य असणारे सेमाग्लुटाइड हे औषध स्थूलतेसाठी अमेरिकेत २०२१ साली मान्य झाले. त्याने वजनात लक्षणीय घट होते. परंतु मळमळ व वांती हे त्रास अनेकांना होतात आणि औषध थांबविल्यावर गेलेले वजन बहुतांशी परत येते. वैद्याच्या सल्ल्यावाचून अशी औषधे घेणे धोक्याचे आहे, हे मागील अनुभवांवरून कोणाच्याही ध्यानात यावे.

या शोधाचा अर्थ

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराला सण-उपवास नसतात, पंगतीचा आग्रह नसतो, बाजारात मांडलेल्या मिठाईची जाहिरात तो वाचीत नाही. माणसाच्या खाण्यात रीत, परिस्थिती, दारिद्र्य आणि सुबत्ता या सर्वांचा वाटा असतो. म्हणून उंदरांवरील प्रत्येक निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तथापि खाण्याच्या इच्छेमागे शरीराची एक जुनी आणि चिवट यंत्रणा असते, एवढे या प्रयोगांनी निर्विवादपणे सिद्ध केले आहे.

या निष्कर्षाला शास्त्राइतकेच सामाजिक महत्त्व आहे. शाळेच्या वर्गात लठ्ठ मुलाला खादाड, आळशी म्हणून चिडविले जाते. अन्नाकडे पाठ फिरविणाऱ्या आजारी माणसाला हट्टी ठरविले जाते. लेप्टिन न बनणाऱ्या मुलाची भूक ही त्याच्या स्वभावाचा दोष नव्हती. ती रक्तातील एका निरोप्याची उणीव होती. सर्वांची गोष्ट इतकी सरळ नसली, तरी निंदेने कोणाच्या हायपोथॅलॅमसची दुरुस्ती झाल्याचे उदाहरण नाही. ज्ञानाने आणि योग्य उपचाराने मात्र अनेकांना आधार मिळाला आहे.

आणि ज्या प्राण्यांमुळे हे ज्ञान मिळाले, त्यांचेही ऋण मान्य केले पाहिजे. या प्रयोगांत असंख्य उंदरांचे प्राण गेले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम भारतात १९६० साली झाला आणि प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती त्याच अधिनियमाखाली काम करते. उंदरावाचून काम भागत असेल तेथे उंदीर वापरू नये, लागतील तितकेच वापरावेत आणि त्यांना होणारी वेदना शक्य तितकी कमी करावी, ही तीन सूत्रे आज प्रयोगशाळांसमोर असतात. दोन ग्रॅमच्या त्या मेंदूने माणसाला स्वतःच्या भुकेविषयी जे शिकविले, त्याची परतफेड निदान एवढ्या काळजीने तरी व्हावयास हवी.